इम्पॅक्ट प्लेअर: बारावा खेळाडू आला, पण अष्टपैलूंची जागा का आक्रसली?

३१ मार्च २०२३. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर आयपीएलच्या सोळाव्या हंगामाचा पहिला सामना. चेन्नई सुपर किंग्जची फलंदाजी संपली आणि अंबाती रायुडूच्या जागी कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे मैदानात आला. आयपीएलच्या इतिहासातला तो पहिला 'इम्पॅक्ट प्लेअर'.

त्याच संध्याकाळी चेन्नईकडून आणखी एका मराठी मुलाने आयपीएलमध्ये पदार्पण केलं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. वय २० वर्षं, वेगवान गोलंदाज आणि खाली येऊन लांब फटके मारणारा फलंदाज. पहिल्याच सामन्यात त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले. पण त्या हंगामात त्याला दोनच सामने खेळायला मिळाले.

एक खेळाडू नव्या नियमामुळे मैदानात आला आणि दुसरा अशा जातकुळीतला, ज्याचं गणित याच नियमाने बदललं. तेव्हापासून हा वाद सुरू आहे. इम्पॅक्ट प्लेअरमुळे सामने रंगतदार झाले की भारतीय क्रिकेटमधले अष्टपैलू कमी व्हायला लागले? आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा सोलापुरात खेळणाऱ्या १६ वर्षांच्या मुलाचा याच्याशी काय संबंध?

नियम नेमका काय आहे?

नाणेफेकीनंतर कर्णधार अंतिम ११ खेळाडूंची यादी देतो आणि सोबत पाच राखीव खेळाडूंची नावंही देतो. या पाचांपैकी एकाला सामन्यात कधीतरी ११ पैकी कोणाच्या तरी जागी उतरवता येतं. डाव सुरू होण्याआधी, षटक संपल्यावर, विकेट पडल्यावर किंवा फलंदाज निवृत्त झाल्यावर हा बदल करता येतो. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

महत्त्वाच्या गोष्टी तीन आहेत.

एक, आत आलेला खेळाडू पूर्ण फलंदाजी करू शकतो आणि पूर्ण चार षटकंही टाकू शकतो. बाहेर गेलेल्या गोलंदाजाने आपली चार षटकं आधीच टाकलेली असली तरी फरक पडत नाही.

दोन, अंतिम ११ मध्ये चार परदेशी खेळाडू असतील, तर इम्पॅक्ट प्लेअर भारतीयच असावा लागतो.

तीन, एका डावात फलंदाजी मात्र ११ जणच करू शकतात.

याच हंगामापासून संघांना नाणेफेक झाल्यानंतर यादी देण्याची मुभा मिळाली. म्हणजे पहिली फलंदाजी आली तर एक संघ आणि पहिली गोलंदाजी आली तर दुसरा संघ, अशा दोन याद्या खिशात ठेवूनच कर्णधार नाणेफेकीला जातो.

११ ऐवजी १२: संघाचं गणित कसं बदललं?

टी-ट्वेंटीमध्ये २० षटकं टाकायची असतात आणि एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार. म्हणजे किमान पाच गोलंदाज लागतात. ११ मधून पाच गोलंदाज काढले की उरतात सहा. त्यात एक यष्टिरक्षक. म्हणजे यष्टिरक्षक धरून सहाच खरे फलंदाज.

सहा फलंदाज बहुतेक कर्णधारांना कमी वाटतात. वरचे तीन लवकर बाद झाले तर काय? शिवाय पाच गोलंदाजांपैकी एखाद्याला मार पडला तर त्याची षटकं कोण टाकणार? या दोन्ही प्रश्नांचं एकच उत्तर होतं: अष्टपैलू. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन २०-३० धावा करणारा आणि दोन-तीन षटकं भागवणारा माणूस. तो दोन्हींत अव्वल नसला तरी चालायचं, कारण तो एका जागेत दोन कामं करायचा.

इम्पॅक्ट प्लेअरने ही अडचणच दूर केली. आता संघाकडे प्रत्यक्षात १२ खेळाडू आहेत. सात फलंदाज आणि पाच गोलंदाज. पहिली फलंदाजी असेल तर जादा फलंदाज ११ मध्ये ठेवायचा आणि डाव संपल्यावर त्याच्या जागी गोलंदाज आणायचा. पहिली गोलंदाजी असेल तर उलट.

असं असताना 'थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी' करणाऱ्याला घेऊन फायदा काय? पूर्ण फलंदाज आणि पूर्ण गोलंदाज दोघंही हाताशी आहेत. जागा अपुरी होती म्हणून अष्टपैलू लागायचा. जागा वाढली आणि त्याची गरज कमी झाली.

याचा परिणाम धावफलकावरही दिसतो. २०२२ च्या हंगामात २०० किंवा त्याहून जास्त धावांचे डाव १८ होते. २०२३ मध्ये ते ३७ झाले आणि २०२४ मध्ये ४१. एप्रिल २०२४ मध्ये सनरायझर्स हैदराबादने बंगळुरूविरुद्ध ३ बाद २८७ धावा केल्या. त्याच महिन्यात पंजाब किंग्जने ईडन गार्डन्सवर कोलकात्याच्या २६१ धावांचा पाठलाग यशस्वी केला. सपाट खेळपट्ट्या, छोट्या सीमारेषा आणि फलंदाजांची बदललेली मानसिकता हीसुद्धा कारणं आहेतच. पण आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाज आहे हे माहीत असलं, की सलामीवीर पहिल्या चेंडूपासून बॅट फिरवायला मोकळा होतो. विकेट पडण्याची किंमतच कमी झालेली असते.

शिवम दुबे: फलंदाजी पूर्ण, गोलंदाजी जवळपास शून्य

या नियमाचं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा शिवम दुबे. डावखुरा फलंदाज आणि मध्यमगती गोलंदाज. चेन्नईसाठी त्याने २०२३ मध्ये ४१८ धावा केल्या, ३५ षटकार मारले. २०२४ मध्ये ३९६ धावा केल्या. पण या दोन हंगामांत मिळून त्याने गोलंदाजी केली ती जेमतेम एक षटक.

चेन्नईच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. दुबेकडून षटकार हवे होते, ते मिळत होते. गोलंदाजीला तुषार देशपांडेसारखा पूर्णवेळ गोलंदाज त्याच्याच जागी आणता येत होता. देशपांडेने २०२३ मध्ये २१ बळी घेतले आणि चेन्नईने विजेतेपद मिळवलं. चेन्नईचा डाव जमला.

अडचण भारतीय संघाची झाली. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीमध्ये इम्पॅक्ट प्लेअर नाही. तिथे ११ म्हणजे ११. एप्रिल २०२४ मध्ये, टी-ट्वेंटी विश्वचषकाला दोन महिने राहिले असताना, कर्णधार रोहित शर्माने एका पॉडकास्टवर ही खंत उघड बोलून दाखवली. आपण या नियमाचे चाहते नाही, यामुळे अष्टपैलूंची वाढ खुंटेल, असं त्याचं म्हणणं होतं. दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजी मिळत नाही, ही उदाहरणंही त्यानेच दिली.

सुंदरला तर त्या हंगामात हैदराबादकडून दोनच सामने मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत त्याने पहिल्या डावात ५९ धावांत ७ बळी घेतले. कसोटी आणि टी-ट्वेंटी हे वेगळे खेळ आहेत, त्यामुळे थेट तुलना नको. पण ज्याला आयपीएलच्या ११ मध्ये जागा मिळत नव्हती, तो खेळाडू कामाचा नव्हता असं म्हणता येत नाही.

दुबेची गरज किती होती, हे पुढच्या वर्षी कळलं. २८ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकाचा अंतिम सामना होता, समोर पाकिस्तान. हार्दिक पंड्या दुखापतीमुळे बाहेर. नव्या चेंडूने गोलंदाजीची सुरुवात कोणी केली? शिवम दुबेने. त्याने तीन षटकांत २३ धावा दिल्या आणि नंतर २२ चेंडूंत ३३ धावा केल्या. भारत पाच गडी राखून जिंकला. एका जागेत दोन कामं करणारा माणूस संघात असला की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

मराठवाड्याचा प्रश्न वेगळा का?

महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि सोलापूरचे खेळाडू महाराष्ट्र संघाकडून खेळतात. महाराष्ट्र रणजी संघाचं नेतृत्व केलेला अंकित बावणे संभाजीनगर जिल्ह्यातलाच. पण या भागातल्या मुलांसाठी वर जाण्याच्या पायऱ्या मोजक्या आहेत. जिल्हा, मग राज्याचा वयोगट संघ, मग राज्य संघ, आणि २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग.

या लीगच्या पहिल्या हंगामात संभाजीनगरच्या नावाचा संघ होता, छत्रपती संभाजी किंग्ज. त्याचा आयकॉन खेळाडू होता राजवर्धन हंगरगेकर. राजवर्धनची ओळख झाली ती २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात. भारत जिंकला त्या स्पर्धेत आयर्लंडविरुद्ध त्याने १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा केल्या होत्या आणि नव्या चेंडूने वेगही दाखवला होता. त्यानंतर चेन्नईने त्याला दीड कोटी रुपयांना घेतलं. पुढे २०२५ च्या हंगामासाठी लखनौने त्याला ३० लाखांत घेतलं.

याचं सगळं खापर एका नियमावर फोडणं बरोबर होणार नाही. वेगवान गोलंदाजाचा फॉर्म, तंदुरुस्ती आणि संघातली स्पर्धा या गोष्टी असतातच. पण २०२२ च्या लिलावात संघ जेव्हा अशा खेळाडूकडे बघत होते, तेव्हा ते आठव्या क्रमांकावर षटकार मारू शकणारा वेगवान गोलंदाज शोधत होते. एका वर्षानंतर आठव्या क्रमांकाला तशी गरजच उरली नाही.

दुसरं उदाहरण सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीचं. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून त्याने ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, १३ षटकार मारले आणि त्याच सामन्यात २१ धावांत ४ बळीही घेतले. नाशिकने तो सामना पुणेरी बाप्पाविरुद्ध एका धावेने जिंकला. अष्टपैलू म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. लखनौने त्याला २०२४ साठी घेतलं. ३० एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्सविरुद्ध तो पहिल्यांदा आयपीएलमध्ये उतरला तो सलामीवीर म्हणून, आणि पहिल्याच चेंडूवर बाद झाला. पाठलागासाठी आणलेल्या फलंदाजाची हीच गंमत आहे. त्याची बॅट चालली नाही, तर भरपाई करायला हातात चेंडू येत नाही. त्याच्या संघाची गोलंदाजी आधीच होऊन गेलेली असते.

मग लिलावात अष्टपैलू महाग कसे?

इथे एक रास्त शंका येते. अष्टपैलूंची गरज संपली असेल, तर त्यांच्यावर कोट्यवधींची उधळण का होते?

डिसेंबर २०२२ चा लिलाव बघा. इम्पॅक्ट प्लेअरचा नियम येणार हे तेव्हा माहीत होतं. तरी पंजाबने सॅम करनसाठी १८.५० कोटी मोजले आणि मुंबईने कॅमरून ग्रीनसाठी १७.५० कोटी. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याने ग्रीनला २५.२० कोटींना घेतलं.

याचं एक उत्तर नियमातच आहे. परदेशी खेळाडू चारच खेळवता येतात आणि चार असतील तर पाचवा परदेशी इम्पॅक्ट म्हणून आणता येत नाही. म्हणजे परदेशी खेळाडूंच्या बाबतीत जागेची टंचाई तशीच आहे. त्यामुळे एका जागेत दोन कामं करणारा परदेशी अष्टपैलू आजही मोलाचा ठरतो. टंचाई कमी झाली ती भारतीय जागांची, आणि फटकाही बसला तो भारतीय खेळाडूंनाच.

दुसरं उत्तर असं की 'अष्टपैलू' या एका शब्दात दोन वेगळे खेळाडू दडलेले आहेत. चार षटकं हमखास टाकणारा आणि फलंदाज म्हणूनही संघात बसणारा, हा पहिला. हार्दिक पंड्या, रवींद्र जडेजा, अक्षर पटेल यांना कोणताही नियम बाहेर बसवू शकत नाही. दुसरा तो, ज्याची दुसरी कला अजून घडते आहे. आज दोन षटकं टाकेल, तीन वर्षांनी चार टाकेल. नियमाचा तडाखा बसला तो या दुसऱ्या गटाला. पण पहिल्या गटात जाण्याची वाट याच दुसऱ्या गटातून जाते.

तरीही चित्र एकरंगी नाही. डिसेंबर २०२५ च्याच लिलावात चेन्नईने उत्तर प्रदेशच्या प्रशांत वीर या आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या डावखुऱ्या फिरकी अष्टपैलूसाठी १४.२० कोटी रुपये मोजले. म्हणजे संघमालकांनाही असा भारतीय खेळाडू हवाच आहे. प्रश्न तो घडणार कुठे, हा आहे.

नियमाच्या बाजूने काय म्हणता येईल?

बरंच काही. पहिला मुद्दा संधीचा. प्रत्येक सामन्यात दोन्ही बाजूंनी एकेक जादा खेळाडू खेळतो आणि बहुतेक वेळा तो भारतीय असतो. एप्रिल २०२३ मध्ये ध्रुव जुरेल राजस्थानकडून इम्पॅक्ट प्लेअर म्हणूनच पहिल्यांदा खेळला आणि पंजाबविरुद्ध १५ चेंडूंत नाबाद ३२ धावा केल्या. दुसऱ्याच दिवशी कोलकात्याने सुयश शर्मा या अनोळखी लेगस्पिनरला बंगळुरूविरुद्ध उतरवलं आणि त्याने ३ बळी घेतले. हे दोघं जुन्या नियमात त्या दिवशी खेळले असते का, याची खात्री देता येत नाही.

दुसरा मुद्दा नाणेफेकीचा. रात्री दव पडल्यावर चेंडू हातातून निसटतो आणि नंतर गोलंदाजी करणारा संघ अडचणीत येतो. जादा गोलंदाज आणता आला तर नाणेफेक हरल्याचं नुकसान थोडं कमी होतं.

तिसरा मुद्दा वयस्कर किंवा दुखापतग्रस्त खेळाडूंचा. २०२३ मध्ये फाफ डू प्लेसीला दुखापत झाली तेव्हा तो फक्त फलंदाजीला यायचा आणि कर्णधारपद विराट कोहली सांभाळायचा. नियमावर टीका करणारा रोहित शर्माही नंतर मुंबईसाठी अनेकदा इम्पॅक्ट प्लेअर म्हणूनच खेळला. प्रेक्षकांना आवडता खेळाडू बघायला मिळाला, खेळाडूचं शरीर वाचलं.

असं पहिल्यांदाच घडतंय का?

नाही. २००५ मध्ये आयसीसीने एकदिवसीय सामन्यांत 'सुपरसब' आणला होता. ७ जुलै २००५ रोजी हेडिंग्लेवर इंग्लंडचा विक्रम सोळंकी पहिला सुपरसब ठरला. पण त्यात बदली खेळाडूचं नाव नाणेफेकीआधीच द्यावं लागायचं. नाणेफेक जिंकणाऱ्याचा डबल फायदा व्हायचा आणि हरणाऱ्याचा बदली खेळाडू वाया जायचा. कर्णधारही वैतागले आणि वर्षभराच्या आत नियम गुंडाळला गेला. योगायोग म्हणजे ३१ मार्च २०२३ च्या त्या सामन्यात चेन्नईसमोर असलेल्या गुजरात टायटन्सचा क्रिकेट संचालक हाच सोळंकी होता.

सुपरसबवरही तेव्हा हाच आक्षेप होता की त्यामुळे अष्टपैलूंचं महत्त्व कमी होतं. इम्पॅक्ट प्लेअरने नाणेफेकीची चूक दुरुस्त केली, पण हा आक्षेप तसाच राहिला.

क्रिकेटबाहेरही हेच दिसतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'किकर' हा असा खेळाडू असतो जो फक्त चेंडूला लाथ मारायला येतो. खेळ सुरू करताना तो चेंडू थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकापलीकडे भिरकावायचा आणि बहुतेक वेळा चेंडू परत घेऊन धावण्याचा प्रश्नच यायचा नाही. दोन्ही बाजूंचे खेळाडू दुरून धावत येऊन एकमेकांवर आदळतात आणि डोक्याला गंभीर दुखापती होतात, म्हणून तिथल्या एनएफएल या लीगने २०२४ मध्ये किकऑफचा नियम बदलला. खेळाडू समोरासमोर जवळ उभे केले आणि चेंडू ठरावीक पट्ट्यात पडेल असा मारणं फायद्याचं केलं. २०२३ मध्ये साधारण २२ टक्के किकऑफवर चेंडू घेऊन धावलं जायचं. २०२४ मध्ये हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास गेलं.

नियम दुखापतींसाठी होता, पण किकरचं काम बदललं. नुसता पायात जोर असून भागेना, चेंडू नेमका टाकता यायला हवा. शिवाय धावणारा खेळाडू बाकीच्यांना चुकवून पुढे आला, तर किकरलाच त्याला अडवावं लागणार. कॅन्सस सिटी चीफ्सने तर जस्टिन रीड या बचावपटूलाच किकऑफ मारायला लावता येईल का, याची चाचपणी केली.

दोन्ही गोष्टींत फरक एवढाच की तिथे नियमाने एका कामात तरबेज असलेल्या माणसाकडून दुसऱ्या कामाचीही अपेक्षा वाढवली. आपल्याकडे नियमाने दोन कामं येणाऱ्या माणसाला एकच काम कर असं सांगितलं.

आता पुढे काय?

मे २०२४ मध्ये बीसीसीआयचे तत्कालीन सचिव जय शाह यांनी हा नियम प्रायोगिक असल्याचं म्हटलं होतं. त्यानंतर दोन निर्णय झाले आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बीसीसीआयने सय्यद मुश्ताक अली करंडक या देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेतून इम्पॅक्ट प्लेअर काढून टाकला. खरंतर या नियमाची पहिली चाचणी ऑक्टोबर २०२२ मध्ये याच स्पर्धेत झाली होती. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयपीएलने हाच नियम २०२७ पर्यंत कायम ठेवला.

म्हणजे आजची स्थिती अशी आहे: महाराष्ट्र संघाकडून मुश्ताक अली खेळताना ११ खेळाडू, आयपीएलमध्ये १२ आणि भारताकडून खेळताना पुन्हा ११.

मुश्ताक अलीचा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण तिथे राज्याच्या कर्णधाराला पुन्हा सहाव्या गोलंदाजाची गरज पडते. सातव्या क्रमांकावरच्या मुलाच्या हातात पुन्हा चेंडू येतो. पण आयपीएलचे निवडकार ही स्पर्धा बघतात ते आपल्या गरजेच्या नजरेने. त्यांना लागणारा माणूस अजूनही एकाच गोष्टीत धारदार असला तरी चालतो.

मधला मार्ग नाही असं नाही. बदली खेळाडूला पूर्ण चार षटकं न देता फक्त बाहेर गेलेल्या गोलंदाजाची उरलेली षटकं टाकू द्यायची, असा बदल करता येईल. सुपरसबमध्ये तशीच अट होती. मग बदली गोलंदाजाचा उपयोग मर्यादित होईल आणि ११ मध्येच सहावा पर्याय ठेवणं पुन्हा गरजेचं वाटेल.

तोवर हा प्रश्न मैदानावरच्या मुलांपुढे आहे. संभाजीनगरच्या गरवारे स्टेडियमवर किंवा आमखास मैदानावर सराव करणाऱ्या, बॅट आणि चेंडू दोन्ही चांगलं चालणाऱ्या मुलाने सरावाचे दोन तास कशात घालवायचे? आयपीएलचा हिशोब त्याला सांगतो, एकच निवड आणि त्यात कसून मेहनत घे. भारतीय संघाचा हिशोब सांगतो, दोन्ही सोडू नकोस. मुलगा १६ वर्षांचा असताना केलेली ही निवड तो २४ व्या वर्षी बदलू शकत नाही. गोलंदाजी पाच वर्षं सोडली तर ती परत येत नाही. खांदा, पाठ आणि लय या सगळ्याला रोजचा सराव लागतो.

नियम २०२७ नंतर बदलेल किंवा बदलणार नाही. पण त्या वेळी भारतीय संघाला हवा असलेला सहावा गोलंदाज आत्ताच कुठल्यातरी नेटमध्ये आहे. त्याने चेंडू हातातून खाली ठेवू नये, एवढं तरी त्याच्या प्रशिक्षकाला आणि राज्य संघटनेला बघता येईल.